दिवाणखान्यातला परदेशी बाप

१२ सप्टेंबर १९५३, शनिवार. रात्री आठ वाजता न्यूयॉर्कहून एनबीसी या प्रसारण कंपनीने अर्ध्या तासाची एक नवी विनोदी कौटुंबिक मालिका सुरू केली. तिचे नाव 'बोनिनो'. मालिकेचा नायक बाब्बो बोनिनो हा इटलीतून अमेरिकेत आलेला नामवंत गायक. उभे आयुष्य त्याने मैफलींच्या दौऱ्यांत घालवलेले. पत्नी वारलेली आणि घर मुलांनी भरलेले. आता दौरे पुरे झाले, घरी राहायचे, मुलांना बापाची माया द्यायची, असे तो ठरवतो. घरी येऊन पाहतो तर मुलांना बापावाचून जगायची सवय झालेली. ती अमेरिकेत वाढलेली, आपापल्या मार्गाला लागलेली. बापाचा उत्साह, त्याचे रागलोभ, त्याची जुनी रीत आणि मुलांची नवी चाल यांच्या ओढाताणीतून दर आठवड्याला एक गमतीदार गोष्ट उभी राहायची.

'बाब्बो' म्हणजे बाबा. इटलीतल्या तोस्काना आणि रोमान्या या भागांत मुले बापाला याच नावाने हाक मारतात. आपल्या 'बाबा' आणि 'अब्बा' यांच्याशी या शब्दाचा नाद इतका जुळतो, की भाषांतराची गरज भासू नये.

ही मालिका चार महिनेही टिकली नाही. २६ डिसेंबर १९५३ नंतर ती बंद झाली. दूरचित्रवाणीच्या इतिहासात तिला फार तर चार ओळी मिळतात. मग सत्तर वर्षांनंतर आपण तिची आठवण का काढायची? कारण ज्या माणसाने हा प्रेमळ परदेशी बाप रंगवला, त्याच माणसाला साडेअकरा वर्षांपूर्वी त्याच अमेरिकेच्या पोलिसांनी राहत्या घरातून उचलून नेले होते. अमेरिकेने त्याला टाळ्या आधीही दिल्या होत्या आणि नंतरही दिल्या. मधल्या काळात मात्र त्या टाळ्या त्याच्या कामी आल्या नाहीत. टाळ्या आणि भरवसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक आपल्यासारख्यांनी नीट समजून घेण्याजोगा आहे.

सुताराचा मुलगा

या कलावंताचे नाव एझिओ पिंझा. जन्म रोममध्ये, १८ मे १८९२ रोजी. वडील सुतार. घरची गरिबी. कुटुंब पुढे रावेन्ना शहरात गेले आणि एझिओ तिथेच वाढले. तरुणपणी त्यांना सायकलच्या शर्यतींचे वेड होते. आवाजाची देणगी लक्षात आल्यावर ते बोलोन्याच्या संगीतशाळेत गेले. आवाज खर्जातला, भरदार आणि तरीही मुलायम. १९१४ मध्ये ऑपेराच्या रंगमंचावर त्यांचे पहिले पाऊल पडले आणि लगेच पहिले महायुद्ध आले. त्यांची चार वर्षे इटलीच्या सैन्यात गेली. युद्ध संपल्यावर मिलानच्या ला स्काला रंगगृहात तोस्कानिनी या थोर संगीत दिग्दर्शकाच्या हाताखाली ते गायले. त्यांना स्वरलिपी वाचता येत नसे, ते सारे काही कानाने आत्मसात करीत, असे सांगितले जाते. आपल्याकडच्या गवयांना यात नवल वाटणार नाही. युरोपीय संगीतात मात्र ही मोठीच गोष्ट होती.

नोव्हेंबर १९२६ मध्ये ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराच्या रंगमंचावर प्रथम उभे राहिले. पुढे १९४८ पर्यंत, म्हणजे सलग २२ हंगाम, ते तिथले मानकरी गायक होते. मोझार्टच्या 'डॉन जोव्हान्नी'चा नायक म्हणजे पिंझा, असे समीकरणच होऊन बसले. मेट्रोपोलिटनचे शनिवार दुपारचे प्रयोग १९३१ पासून रेडिओवरून देशभर जात. त्यामुळे ज्यांनी ऑपेराचे रंगगृह कधी पाहिले नाही, अशांच्या घरातही हा आवाज पोहोचला होता. १९४० मध्ये त्यांनी डोरिस लीक या अमेरिकन नर्तिकेशी विवाह केला. पुढच्या वर्षी मुलगी झाली. अमेरिकेच्या नागरिकत्वासाठी अर्ज गेलेला होता आणि ते हातात पडायला काही महिनेच उरले होते.

अंगठी, लय आणि संशय

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १७९८ सालच्या एका जुन्या कायद्याच्या आधारे फर्मान काढले. जे इटालियन अजून अमेरिकेचे नागरिक झाले नव्हते, ते सारे 'शत्रुराष्ट्राचे परकीय' ठरले. अशांची संख्या सुमारे ६,००,००० होती. त्यांना ओळखपत्र जवळ बाळगावे लागे, परवानगीवाचून लांबचा प्रवास करता येत नसे, घरातले लघुलहरींचे रेडिओ, कॅमेरे, विजेऱ्या जमा कराव्या लागत.

यात गमतीचा भाग असा, की याच लोकांची मुले तेव्हा अमेरिकन सैन्यात भरती होत होती. बेसबॉलचा दैवत मानला गेलेला जो डिमॅजिओ हा त्यांच्यापैकीच एकाचा मुलगा. १९४१ मध्ये त्याने सलग ५६ सामन्यांत फटका मारण्याचा विक्रम केला आणि सारा देश त्याच्या नावाने वेडा झाला. त्याचे वडील सॅन फ्रान्सिस्कोत मासेमारी करीत. नागरिकत्वाची कागदपत्रे नसल्यामुळे १९४२ मध्ये त्यांना ज्या धक्क्यावर आयुष्य गेले, त्या धक्क्यावर जाण्याची बंदी झाली. मुलगा देशाचा लाडका आणि बाप देशाचा संशयित, अशी ही स्थिती.

१२ मार्च १९४२ रोजी एफबीआयचे अधिकारी न्यूयॉर्कजवळच्या पिंझांच्या घरी आले. घराची झडती झाली आणि पिंझांना एलिस बेटावर नेण्यात आले. हे तेच बेट, ज्यावरून लाखो गरीब स्थलांतरित अमेरिकेत शिरले होते. त्या प्रवेशद्वाराची आता कोठडी झाली होती. तिथे त्यांना जवळजवळ तीन महिने ठेवले गेले.

आरोप काय होते? न्यायालयात मांडलेला आरोप एकही नव्हता. चौकशी मंडळापुढे आलेल्या गोष्टींची हकिकत पिंझांच्या आत्मचरित्रात आहे. हे आत्मचरित्र त्यांच्या मृत्यूनंतर १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले. मुसोलिनीशी यांची मैत्री आहे. यांच्या बोटात नाझी स्वस्तिकाची अंगठी आहे. यांच्या होडीत गुप्त रेडिओ आहे. आणि सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे, मेट्रोपोलिटनच्या रेडिओ प्रक्षेपणात गाताना लय कमीजास्त करून हे शत्रूला सांकेतिक निरोप पाठवतात! पिंझांचे म्हणणे असे, की मुसोलिनीशी त्यांची कधी भेटही झालेली नव्हती. हे सारे कोणी सांगितले, तेही आरोपीला कळू द्यायची पद्धत नव्हती. पहिल्या सुनावणीत बाजू मांडायला वकील नव्हता. पत्नी डोरिस यांनी तान्ह्या मुलीला सांभाळून धावपळ केली, दुसरी सुनावणी मिळवली, आणि जून १९४२ मध्ये पिंझा सुटले.

त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला, कोलंबस दिनी, अमेरिकेचे महान्यायाभिकर्ता फ्रान्सिस बिडल यांनी इटालियन स्थलांतरितांवरचे बहुतेक निर्बंध उठवत असल्याचे जाहीर केले. संख्याबळ मोठे, मतदार पुष्कळ आणि लवकरच इटलीत सैन्य उतरवायचे, अशी कारणे त्यामागे होती. प्रमाण राखून सांगायचे, तर इटालियनांपैकी छावणीत गेलेल्यांची संख्या काही शेकड्यांतच राहिली. जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना मात्र घरेदारे सोडून काटेरी तारांच्या आड जावे लागले, आणि त्यांतले दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. चेहरा जितका वेगळा, तितका संशय गडद आणि टिकाऊ.

अशी वागणूक एकट्या अमेरिकेने दिली असेही नाही. त्याच महायुद्धात ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातल्या जर्मन आणि इतर 'शत्रू' नागरिकांना पकडले. त्यांतल्या काही कुटुंबांना आपल्या पुरंदरावर आणि साताऱ्यात ठेवले होते. हिटलरच्या छळातून जीव वाचवून आलेले ज्यूही त्यांत होते. ज्याच्या भीतीने पळून आले, त्याचेच हस्तक म्हणून त्यांची मोजदाद झाली.

विधुर नायक

पिंझा पुन्हा मेट्रोपोलिटनमध्ये गाऊ लागले. १९४८ मध्ये त्यांनी ऑपेराचा निरोप घेतला. वय ५६. गायकाची कारकीर्द संपण्याचे हे वय. पण ७ एप्रिल १९४९ रोजी ब्रॉडवेवर 'साउथ पॅसिफिक' ही संगीत नाटिका आली आणि पिंझा एका रात्रीत साऱ्या अमेरिकेचे झाले. पिकल्या केसांचा, परकीय उच्चारांचा हा माणूस मध्यमवयीन स्त्रियांच्या स्वप्नातला नायक बनला. १९५० मध्ये त्यांना टोनी पुरस्कार मिळाला.

त्या नाटिकेतली त्यांची भूमिका ध्यानात घेण्यासारखी आहे. एमिल द बेक हा फ्रान्स सोडून पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावर स्थायिक झालेला मळेवाला. त्याची बेटावरची पत्नी वारलेली आहे आणि तिच्यापासून झालेली दोन सावळी मुले आहेत. म्हणजे हाही विधुर, परमुलखात राहिलेला बाप. त्याच्या प्रेमात पडलेली अमेरिकन परिचारिका ती मुले पाहून मागे सरते. वंशद्वेष जन्मतः येत नाही, तो लहानपणी शिकवावा लागतो, असे सांगणारे एक गाणे या नाटिकेत होते. १९५३ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या काही आमदारांनी त्या गाण्यावर जाहीर आक्षेप घेतला. ज्या वर्षी 'बोनिनो' सुरू झाली, त्याच वर्षातली ही गोष्ट.

हॉलीवूडने पिंझांना बोलावले, पण १९५१ मधले त्यांचे दोन चित्रपट फारसे जमले नाहीत. मग दूरचित्रवाणीची पाळी आली.

जिवंत प्रक्षेपणाचे दिवस

त्या काळची दूरचित्रवाणी कशी होती, हे थोडे सांगायला हवे. १९५० मध्ये अमेरिकेतल्या दहा घरांपैकी जेमतेम एका घरात टीव्ही होता. १९५५ पर्यंत दर तीन घरांमागे दोन घरांत तो पोहोचला. दृश्यफीत अजून बाजारात यायची होती. ती १९५६ मध्ये आली. न्यूयॉर्कमधून होणारे बहुतेक कार्यक्रम जसे घडत, तसेच थेट घराघरांत जात. आठवडाभर तालीम व्हायची. स्टुडिओत स्वयंपाकघर, दिवाणखाना, जिना असे देखावे एकाला एक लावून उभे केलेले असत. दोन-तीन जड कॅमेरे चाकांवरून इकडून तिकडे ढकलले जात. वरून दिव्यांची आग. एक प्रसंग संपला की नट धावत दुसऱ्या देखाव्यात जाई आणि जमल्यास वाटेतच कोट बदलून घेई. वाक्य विसरले तर ते देशभर विसरलेले दिसे. पुन्हा घेण्याची सोय नव्हती.

जतन करायचेच असेल तर टीव्हीच्या पडद्यासमोर चित्रपटाचा कॅमेरा लावून त्यावरचे दृश्य फिल्मवर उतरवून घेत. याला किनेस्कोप म्हणत. चित्र अंधुक येई. अशा प्रती अनेकदा काम झाल्यावर टाकूनही दिल्या जात. त्यामुळे त्या काळचा मोठा भाग हवेत विरून गेला.

'बोनिनो' याच पद्धतीने थेट होत असे. तिचे निर्माते फ्रेड को हे त्या काळातले जाणते नाव. २४ मे १९५३ रोजी त्यांच्याच 'फिल्को' नाट्यमालेत 'मार्टी' हे थेट नाटक झाले होते. ब्राँक्समधला साधासुधा इटालियन खाटीक आणि त्याची विधवा आई यांची ती गोष्ट प्रेक्षकांच्या मनात घर करून राहिली. 'बोनिनो'त घर सांभाळणाऱ्या मार्था या बाईची भूमिका मेरी विक्स या कसलेल्या विनोदी अभिनेत्रीने केली. मुलांमधला एक चेट ॲलन. १९५१ च्या नाताळात एनबीसीने थेट दाखवलेल्या 'अमाल' या ऑपेरात त्याने लंगड्या मुलाची भूमिका गाऊन देशभर नाव मिळवले होते. दुसरा व्हॅन डाइक पार्क्स. हाच पुढे १९६० च्या दशकात अमेरिकन संगीतात वेगळ्या वाटेचा संगीतकार म्हणून गाजला.

परक्यांची घरे

त्या सुरुवातीच्या वर्षांत अमेरिकन टीव्हीवर स्थलांतरितांच्या घरांची रीघ लागली होती. १९४९ मध्ये ब्राँक्समधल्या ज्यू कुटुंबाची 'द गोल्डबर्ग्ज' आली आणि त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोतल्या नॉर्वेजियन कुटुंबाची 'मामा' सुरू झाली. १९५२ मध्ये शिकागोतल्या इटालियन लुइजीची मालिका रेडिओवरून टीव्हीवर आली. ज्या पिढीने टीव्ही विकत घेतला, तिच्यापैकी पुष्कळांचे आईबाप परदेशातून आलेले होते. आईबापांची भाषा मागे पडली होती, पण त्यांची आठवण ताजी होती. ती आठवण हसतखेळत परत मिळाली, तर कोणाला नको होती?

पण त्या हसण्यात काटा होता. लुइजीचे काम करणारा जे. कॅरल नॅश हा आयरिश वंशाचा नट. मोडकीतोडकी इंग्रजी, भोळसटपणा, हातवारे, एवढ्यावर त्याचा इटालियन उभा होता. इटालियन संघटनांनी आक्षेप घेतले. आमच्या बोलीवर हसू नका असे नाही, पण आम्हाला केवळ बोलीपुरते ठेवू नका, असा त्यांच्या म्हणण्याचा अर्थ होता. वर्षभरात 'बोनिनो' आली, तेव्हा निदान इटालियनाची भूमिका इटालियन माणूस करीत होता. त्याचे उच्चार खरे होते आणि तो भोळा दुकानदार नसून थोर कलावंत होता. ही पायरी लहान खरी, पण वर जाणारी होती.

'गोल्डबर्ग्ज'ची गोष्ट याहून कडवट आहे. त्यात बापाचे, जेकचे, काम फिलिप लोब करीत. ते नटांच्या संघटनेत सक्रिय होते. जून १९५० मध्ये 'रेड चॅनेल्स' नावाची पुस्तिका निघाली. कम्युनिस्टांशी संबंध असल्याचा संशय घेऊन तिच्यात १५१ कलावंतांची नावे छापली होती. लोब यांचे नाव त्यांत होते. त्यांनी इन्कार केला. मालिकेची लेखिका आणि नायिका गर्ट्रूड बर्ग त्यांच्या पाठीशी उभी राहिली. पण प्रायोजकाने हात काढून घेतला आणि १९५२ मध्ये मालिका परतली, ती दुसरा बाप घेऊन. प्रेक्षकांना घर तेच दिसले, आई तीच दिसली. बाप फक्त बदललेला होता. लोब यांच्यावर मानसिक आजार असलेल्या मुलाच्या उपचाराचा भार होता. काम मिळेनासे झाले. १ सप्टेंबर १९५५ रोजी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात त्यांनी झोपेच्या गोळ्या घेऊन जीवन संपवले.

पडद्यावरचा परका बाप लाखो घरांचा आवडता होता. त्या बापाला हाडामांसाचा देह देणारा माणूस मात्र एका छापील यादीने निकाली काढला.

आई का नाही?

आता बोनिनोच्या विधुरपणाकडे पाहू. 'मामा' आणि 'गोल्डबर्ग्ज' या दोन्ही घरांच्या केंद्रस्थानी आई आहे. स्थलांतरितांच्या घरात भाषा, स्वयंपाक, सणवार, नातीगोती ही आईच्या पदराला बांधलेली असतात. बाप बाहेर कमावतो, बाहेरची भाषा शिकतो. घरात जुना मुलूख जिवंत ठेवते ती आई. कोकणातून मुंबईत, मुंबईतून आखातात किंवा आफ्रिकेत गेलेल्या आपल्या घरांतून हे निराळे सांगायला नको.

'बोनिनो'त ती आई आधीच गेलेली आहे. तिच्या जागी घर चालवते अमेरिकन मार्था. म्हणजे मुलांना जुन्या मुलखाशी बांधणारा धागा सुटलेला आहे आणि उरला आहे तो एकटा, मायाळू, थोडा गोंधळलेला बाप. हा बाप कोणाला धाक वाटावा असा नाही. तो मुलांवर जुन्या रीती लादू शकत नाही, कारण त्याला घरच ओळखीचे नाही. त्यालाच मुलांकडून अमेरिका शिकायची आहे. बघणाऱ्या अमेरिकन घराला अशा परक्याची भीती वाटत नाही. त्याची दया येते, हसू येते, प्रेम वाटते. मला वाटते, विधुरपणाची ही योजना केवळ करुण रसासाठी नव्हती. परक्या पुरुषाला दिवाणखान्यात आणायचे तर आधी त्याचे घर थोडे रिकामे करावे लागत होते.

पिंझांच्या नंतरच्या भूमिकाही या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. एमिल विधुर, बोनिनो विधुर. नोव्हेंबर १९५४ मध्ये ब्रॉडवेवर आलेल्या 'फॅनी'त त्यांनी मार्सेय बंदरातल्या सेझार या हॉटेलवाल्याचे काम केले. तोही एकटा बाप, ज्याचा मुलगा समुद्रावर निघून जातो. ऑपेरात ज्यांनी खट्याळ डॉन जोव्हान्नी गाजवला, ते उतारवयात एकट्या बापांचे नट झाले.

आणि मालिकेच्या कथासूत्रात १९४२ सालाला जागा नव्हती. बोनिनो घरापासून दूर राहिला तो दौऱ्यांमुळे, मैफलींमुळे. पिंझा मात्र आपल्या तान्ह्या मुलीपासून दुरावले होते ते सरकारी हुकमाने. खरी गोष्ट अधिक नाट्यपूर्ण होती. तिच्यात बाप होता, लेकरू होते, विरह होता, परत येणे होते. पण शनिवारी रात्री आठ वाजता ती सांगता येण्यासारखी नव्हती.

हवेत विरलेले आणि फिल्मवर उरलेले

'बोनिनो' का चालली नाही? एक कारण उघड आहे. त्याच वेळी सीबीएसवर जॅकी ग्लीसन यांचा विनोदी कार्यक्रम होता. तो त्या काळातला अत्यंत लोकप्रिय कार्यक्रम. शनिवारी रात्री आठ वाजता त्याच्यासमोर टिकणे सोपे नव्हते. शिवाय टीव्हीचे गणितच बदलत होते. १९५१ मध्ये 'आय लव्ह लूसी' ही मालिका हॉलीवूडमध्ये फिल्मवर चित्रित होऊ लागली. तिचा नायक क्यूबाहून आलेला देसी आर्नाझ. फिल्मवरची मालिका पुन्हा पुन्हा दाखवता येई, विकता येई, दुसऱ्या देशांत पाठवता येई. थेट मालिका संपली, की संपली.

'बोनिनो' सुरू झाल्यावर सतरा दिवसांनी, २९ सप्टेंबर १९५३ रोजी, एबीसीवर अशीच एक मालिका आली: 'मेक रूम फॉर डॅडी'. तिचाही नायक सतत बाहेर असणारा रंगमंचीय कलावंत, ज्याला घरी आल्यावर मुलांच्या जगात जागा शोधावी लागते. नायक डॅनी टॉमस हे लेबनॉनहून आलेल्या मॅरोनाइट ख्रिस्ती आईबापांचे पुत्र. त्यांचे मूळ नाव आमोस मुझियाद याकूब कैरूझ. पडद्यावर त्यांचे आडनाव 'विल्यम्स' झाले. तरी घराण्याची लेबनानी ओळख मालिकेत येत राहिली. ही मालिका फिल्मवर होत असे आणि ती १९६४ पर्यंत चालली. १९५६ मध्ये पत्नीचे काम करणाऱ्या अभिनेत्रीने मालिका सोडली, तेव्हा त्या पात्राचा मृत्यू झाल्याचे दाखवले आणि डॅनीही काही काळ विधुर बाप झाला. कल्पना जवळजवळ एकच होती. एक अकरा वर्षे टिकली, दुसरी चार महिनेही नाही. अर्थात फरक फक्त फिल्मचा नव्हता. कैरूझचा विल्यम्स झालेला, अमेरिकन इंग्रजी बोलणारा, विनोद आपल्या ताब्यात ठेवणारा बाप प्रेक्षकाला अधिक जवळचा वाटला असावा. बोनिनो अखेरपर्यंत पाहुणाच राहिला.

पिंझा ९ मे १९५७ रोजी कनेक्टिकट राज्यात वारले. वय ६४.

उशिरा आलेली कबुली

अमेरिकेने या प्रकरणाची अधिकृत दखल घ्यायला साठ वर्षे घेतली. नोव्हेंबर २००० मध्ये इटालियन अमेरिकनांच्या युद्धकाळातल्या हक्कभंगाविषयीचा कायदा झाला. न्याय खात्याने सविस्तर अहवाल द्यावा, असे त्यात ठरले. तो अहवाल नोव्हेंबर २००१ मध्ये आला.

ही तारीख पुन्हा वाचावी. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळून तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. एकीकडे न्याय खाते १९४२ सालच्या अन्यायाची नोंद करीत होते. दुसरीकडे त्याच खात्याच्या अखत्यारीत मुस्लिम आणि अरब देशांतून आलेले शेकडो स्थलांतरित स्थानबद्ध होत होते. खात्याच्याच महानिरीक्षकांनी २००३ मध्ये दिलेल्या अहवालात असे ७६२ जण मोजले. मुक्कामाच्या परवान्यातल्या त्रुटी हे कागदावरचे कारण. कित्येकांना निर्दोष ठरेपर्यंत आठवडे, महिने आत राहावे लागले. १९४२ मध्ये अंगठी आणि गाण्याची लय संशयास्पद होती. २००१ मध्ये एखाद्या शेजाऱ्याचा फोन पुरेसा होता. १७९८ सालचा तो जुना कायदाही अजून निवृत्त झालेला नाही. मार्च २०२५ मध्ये व्हेनेझुएलाच्या स्थलांतरितांविरुद्ध तो पुन्हा बाहेर काढण्यात आला आणि न्यायालयांत त्यावर वाद सुरू झाले.

हे वाचताना आपल्याला 'गर्म हवा'तला सलीम मिर्झा आठवल्यावाचून राहत नाही. १९७४ मध्ये प्रदर्शित झालेल्या त्या चित्रपटात बलराज साहनींनी उभा केलेला आग्र्याचा हा जोडे बनवणारा बाप. पाकिस्तानात गेलेल्या भावाला त्याने घराचा नकाशा पाठवला, तेवढ्यावरून तो हेर ठरतो. सुटतो, पण शेजाऱ्यांच्या नजरा सुटत नाहीत. 'गर्म हवा'चे मोठेपण हे, की तिने मिर्झाचे घर रिकामे केले नाही. आई, पत्नी, मुलगे, मुलगी, सगळ्यांसह तो बाप आपल्यासमोर आला. याउलट 'शोले'तले इमामसाहेब आठवून पाहा. अंध, एकटे, गावासाठी एकुलता मुलगा देणारे. सगळ्यांना ते प्रिय आहेत. प्रिय व्हायला त्यांना किती द्यावे लागले, हे कोणी मोजत नाही.

बाब्बो बोनिनोची मालिका वाईट हेतूने केलेली नव्हती. कलावंत गुणी होते, निर्माता जाणता होता आणि इटालियन माणूस पडद्यावर सन्मानाने दिसावा, एवढे तिने निश्चित साधले. त्या शनिवारी रात्री एखाद्या इटालियन घरातल्या मुलाला आपल्या बापाच्या बोलीची लाज थोडी कमी वाटली असेल, तर तेही कमी नाही. पण परक्याला आपले मानण्याची कसोटी तो हसवतो किंवा गातो तेव्हा लागत नाही. त्याच्या दारावर रात्री थाप पडते, तेव्हा लागते. १९४२ च्या मार्च महिन्यात त्या दारात एक पत्नी उभी राहिली, काही वकील उभे राहिले. मेट्रोपोलिटनचे हजारो श्रोते दर शनिवारी ज्या आवाजासाठी रेडिओ लावत, तो आवाज जवळजवळ तीन महिने एलिस बेटावर बंद होता.